गेमचा हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात बाबा बँकेत जातात आणि आपण जिवंत असल्याचं सिद्ध करून येतात. पेन्शनीचा नियम. काउंटरवरची मुलगी त्यांना चांगली ओळखते, गुडघ्याची चौकशी करते आणि मग हयातीचा दाखला मागते. बाबांची तक्रार नाही. वर्षातून एकदाच तर जिवंत असावं लागतं.

'मास इफेक्ट' या गेमच्या पीसी आवृत्तीला २००८ मध्ये असाच दाखला हवा होता. दर १० दिवसांनी.

म्हणजे रोख पैसे मोजून गेम घ्यायचा, आणि दर १० दिवसांनी इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरपुढे उभं राहून सांगायचं, साहेब, मीच तो, गेल्या मंगळवारपासून आजवर चोर झालेलो नाही. नाही सांगितलं तर गेम बंद. बोंबाबोंब झाली आणि तो बेत बाजारात येण्याआधीच बारगळला. पण कुणीतरी मीटिंग घेऊन, बिस्किटं खाऊन, हा विचार केला होता हे विसरू नका.

चोराला हा दाखला कुणी मागणार होतं का? त्याच्या कॉपीतून हजेरीपटच काढून टाकलेला असतो.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकू, नाहीतर वाचक करायला लावतील. आपण सगळे चोरच होतो. नव्वदच्या दशकात ज्या-ज्या मराठी घरात 'प्रिन्स ऑफ पर्शिया' धावला, तिथे तो कुणाच्या तरी काकाच्या ऑफिसातून फ्लॉपीत बसून आला होता. विकत? गेम विकत मिळतो हेच आम्हाला बारावीत कळलं.

त्या गेममध्ये पहिली लेव्हल संपली की एक खोली यायची. रांगेत कुप्या, प्रत्येकीवर एकेक अक्षर. पुस्तिकेतलं अमुक पान, तमुक ओळ, अमक्या शब्दाचं पहिलं अक्षर बघा आणि त्या अक्षराची कुपी प्या. पुस्तिका नाही? मग पुढे जाणं बंद. ज्याच्याकडे क्रॅक केलेली, म्हणजे ही तपासणी काढून टाकलेली, कॉपी होती, त्याच्या राजकुमाराला ही खोली लागायचीच नाही. लागायची ती पैसे भरून पुस्तिका हरवून बसलेल्या माणसाच्या राजकुमाराला.

पुढच्या तीस-पस्तीस वर्षांची गोष्ट त्या एका खोलीत आली.

त्याही आधी, १९८५ च्या सुमारास, इंग्लंडात 'लेन्सलॉक' नावाचा प्रकार निघाला होता. खोक्यात प्लास्टिकचं एक भिंग. पडद्यावर उभ्या रेघांचा चिवडा दिसायचा, भिंग टीव्हीला लावून त्यातून दोन अक्षरं ओळखायची, मगच 'एलीट' हा गेम सुरू. टीव्ही फार मोठा असेल तर अक्षर दिसायचं नाही. फार लहान असेल तरी नाही. आणि काही खोक्यांत कंपनीने भिंगच दुसऱ्या गेमचं घातलं होतं.

विकत घेणारे बसले डोळे फाडत.

आमच्याकडे भिंग नव्हतं, मुंबईचा लॅमिंग्टन रोड होता. १०० रुपयांत डीव्हीडी, वर मार्करने लिहिलेलं नाव, स्पेलिंग दुकानदाराच्या मर्जीचं. सोबत तोंडी सूचना : ''बॉस, सेटअप मारायचा, क्रॅक फोल्डरमधली फाइल कॉपी करायची, जिथे गेम टाकलाय तिथे पेस्ट करायची. अँटीव्हायरस बंद ठेवायचा. नाही चालला तर घेऊन ये.'' इतकी स्वच्छ ग्राहकसेवा मला पुढे पैसे भरून कुठे मिळाली नाही.

चोरी ती चोरीच. पण चोरबाजारात पावती मिळत नसूनही माल बदलून मिळतो आणि शोरूममध्ये पावती असून मिळत नाही, तेव्हा प्रामाणिकपणाला कुणी प्रोत्साहन द्यायचं?

मी दिलं. पगार सुरू झाला तसा सभ्यपणाचा झटका आला. मॉलमधून ९९९ रुपयांना ओरिजिनल गेम घेतला. गुळगुळीत खोका, आत चकती, पुस्तिकेच्या मागे वीस-पंचवीस अक्षरांची सिरियल की. त्यातलं ते गोल अक्षर 'ओ' आहे की शून्य, यावर घरात मतदान झालं. शून्य निवडून आलं.

गेमने विचारलं, ओरिजिनल चकती टाका.

चकती ड्राइव्हमध्येच होती. काढली, बनियनला पुसली, परत टाकली. ओरिजिनल चकती टाका. खालच्या मजल्यावरचा मित्र त्याच्या १०० रुपयांच्या डीव्हीडीवर एव्हाना तिसऱ्या लेव्हलला पोचला होता. त्याने वर येऊन मला त्याचा क्रॅक दिला. आणि मी विकत घेतलेला गेम चोरून खेळलो.

ही चकती लक्षात ठेवा. ती शेवटी परत येणार आहे.

'मास इफेक्ट'च्याच वर्षी, २००८ च्या सप्टेंबरात, 'स्पोर' आला. ईए या बड्या कंपनीचा गाजावाजा केलेला गेम. एका पेशीपासून सुरुवात करायची आणि उत्क्रांत होत अंतराळापर्यंत जायचं. एवढी उत्क्रांती करायला मुभा होती, मात्र गेम टाकायचा फक्त ३ वेळा. सिक्युरॉम नावाचं कुलूप मोजत बसायचं. चौथ्यांदा टाकायचा असेल तर कंपनीला फोन करा आणि आपण कसे सज्जन आहोत ते पटवून द्या.

३ वेळा! आपल्याकडे कॉम्प्युटरवाला आला की पाणी पिण्याआधी म्हणतो, ''फॉरमॅट मारावा लागेल.'' एक दिवाळीला, एक व्हायरस आल्यावर, एक भाच्याच्या कृपेने. झाला की कोटा पूर्ण.

ॲमेझॉनवर खरेदीदारांनी काही दिवसांतच २००० हून जास्त एक-तारा शेरे ठोकले. पुढे कंपनीने ३ चे ५ केले. जणू रेशन वाढवून दिलं. आणि चोर? त्यांच्याकडे क्रॅक केलेला 'स्पोर' गेम बाजारात येण्याच्या आधीच पोचला होता. वर्षअखेरीस टॉरेन्टफ्रीक या साइटने यादी काढली, तेव्हा चोरून उतरवलेल्या गेम्समध्ये पहिला नंबर कुणाचा असेल?

१७ लाख डाउनलोड. एकालाही कुणी मोजून ३ म्हटलं नाही.

आता २०१०. युबीसॉफ्ट या दुसऱ्या बड्या कंपनीने विचार केला, १० दिवसांनी कशाला, प्रत्येक क्षणी का नको? 'असॅसिन्स क्रीड २' एकट्याने खेळायचा गेम. ना दुसरा खेळाडू, ना स्पर्धा. तरी खेळताना इंटरनेट अखंड चालू हवं. नेट गेलं की पंधराव्या शतकातलं फ्लॉरेन्स जागच्या जागी गोठणार. छपरावरून उडी मारलेला माणूस हवेतच लटकलेला, कारण तुमच्या राउटरचा दिवा लाल झालाय.

ही योजना आखणाऱ्याने महाराष्ट्राच्या भारनियमनाचं वेळापत्रक पाहिलं नव्हतं. मुंबई सोडली तर त्या काळी आम्हाला गेमपेक्षा लाईट केव्हा येते याचंच थ्रिल जास्त होतं. इन्व्हर्टरवर पीसी चालेलही, पण कोपऱ्यावरच्या केबलवाल्याच्या स्विचला इन्व्हर्टर कोण लावणार?

पण घात आपल्याकडे झालाच नाही, तिकडेच झाला. ७ मार्च २०१० चा रविवार. गेम नुकताच आलेला, लोक सुट्टीच्या दिवशी खेळायला बसलेले, आणि युबीसॉफ्टचे सर्व्हरच आडवे. कुणीतरी त्यांच्यावर हल्ला चढवला होता. कंपनीचं नेट गेलं म्हणून गिऱ्हाइकाचा गेम बंद! तुमचं कनेक्शन ठणठणीत, तुमची लाईट आहे, तुमचे पैसे त्यांच्याकडे आहेत.

कुलूपवाल्याचीच किल्ली हरवली.

दोन वर्षांनी याच कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं की आमचे पीसीवरचे ९३ ते ९५ टक्के खेळणारे चोर आहेत. म्हणजे अखंड इंटरनेटचा पहारा बसवून उरलेल्या ५-७ टक्क्यांवरच नजर ठेवली म्हणायची. तो पहारा उठवल्याचं सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केलं.

त्या ५-७ टक्क्यांचे जाहीर सत्कार व्हायला हवे होते.

युबीसॉफ्टवर माझा विशेष लोभ आहे, त्यामुळे आणखी एक. २००८ चा 'रेनबो सिक्स व्हेगास २'. काहींनी तो दुकानातून न आणता इंटरनेटवरून उतरवून, रीतसर पैसे भरून घेतला होता. पुढे कंपनीने दुरुस्तीचा पॅच काढला. तो टाकल्यावर गेम म्हणाला, चकती टाका. कुठली चकती? ज्याने चकती घेतलीच नाही त्याने ती आणायची कुठून? तक्रारी गेल्या. जुलैमध्ये कंपनीच्या मदत विभागाने एक फाइल उपलब्ध करून दिली. फाइल टाका, चकती लागणार नाही.

ती फाइल लोकांनी उघडून पाहिली. आत 'रीलोडेड' या नामांकित चोरटोळीची सही.

ज्यांच्या भीतीने कुलूप लावलं, त्यांच्याचकडून किल्ली आणून गिऱ्हाइकाला दिली. बिल मात्र स्वतःच्या नावाचं. आणि हे एकदाच घडलं म्हणाल तर तसंही नाही. 'मॅनहंट' हा रॉकस्टार कंपनीचा जुना गेम. स्टीम या ऑनलाइन दुकानात विकायला ठेवलेली त्याची आवृत्ती रेझर १९११ या दुसऱ्या टोळीच्या क्रॅकवर उभी असल्याचं २०२३ मध्ये जाणकारांनी दाखवून दिलं. गंमत पुढेच आहे. कंपनीनेच पूर्वी गेममध्ये सापळे पेरून ठेवले होते, चोरीचा माल दिसला की दारं उघडायची नाहीत. विकत घेणाऱ्यांसमोर आता तीच दारं बंद.

आपल्याच घरात आपणच चोर म्हणून सापडणं, याला कौशल्य लागतं.

मग आला मार्च २०१३, आणि 'सिमसिटी'. इथे जरा बसू या, कारण इतका सुबक तमाशा पुन्हा झाला नाही.

शहर वसवायचा हा गेम. रस्ते, पाणी, वीज, कचरा. दोन दशकं लोक एकटे बसून शहरं वसवत आले होते. नव्या आवृत्तीला मात्र सर्व्हरची परवानगी हवी. ५ मार्चला अमेरिकेत गेम आला आणि लाखो लोक एकाच वेळी महापौर व्हायला निघाले. सर्व्हर कोसळले. लोक रांगेत. तास-तास. शहर वसवायचं सोडा, शहराच्या वेशीवरच उभे. कुणाचं वसवलेलं शहर गायब झालं. ॲमेझॉनने काही काळ डाउनलोड आवृत्ती विकणंच थांबवलं. सर्व्हरवरचा ताण कमी करायला ईएने काय करावं? गेममधला सर्वांत जलद वेग बंद केला. त्याचं नाव होतं 'चित्ता'.

चित्ता बांधून ठेवला आणि म्हणाले, आता हळूहळू चाला.

लोकांनी विचारलं, बाबांनो, एकट्याने खेळायची सोय का देत नाही? उत्तर आलं, शक्य नाही. शहराचे बरेच हिशेब आमच्या सर्व्हरवर होतात, तुमच्या पीसीला ते झेपणार नाहीत. ऐकायला भारदस्त. काही दिवसांतच एका हौशी पोराने फाइलींत थोडी ढवळाढवळ करून दाखवलं की सर्व्हरशिवाय शहर मजेत चालतं. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, कंपनीने स्वतःच ऑफलाइन खेळायची सोय दिली. अशक्य गोष्ट शक्य झाली, यापेक्षा मोठा उत्क्रांतीचा गेम कुठला?

भरपाई म्हणून गिऱ्हाइकांना एक गेम फुकट मिळाला. यादीतून निवडा म्हणाले. त्या यादीत होता 'सिमसिटी ४'. २००३ सालचा. जो इंटरनेटशिवाय चालतो.

नव्या फ्लॅटला पाणी नाही म्हणून बिल्डरने जुन्या चाळीतली खोली दिली. तिथे नळ होता.

'सिमसिटी'च्या आदल्या वर्षी 'डायब्लो ३' ची तऱ्हा अशीच. पहिल्या दिवशी दैत्याशी लढायच्या ऐवजी लोक 'एरर ३७' शी लढले. कोरियात मात्र सरकारी आयोगाने थेट कंपनीच्या ऑफिसवर धाड घातली. तिकडे गेम न चालणं ही ग्राहकाची फसवणूक मानतात. आपल्याकडे तो नशिबाचा भाग असतो.

तुम्ही म्हणाल, या सगळ्या जुन्या गोष्टी. हल्ली असं कुठे? हल्ली डेनुवो आहे.

ऑस्ट्रियाची ही कंपनी. 'फिफा १५' पासून, म्हणजे २०१४ पासून, मोठमोठ्या गेम्सच्या दाराशी तिचे पहारेकरी बसतात. आणि एक कबूल करायलाच हवं, हे पहारेकरी आधीच्यांसारखे खुर्चीत झोपलेले नसतात. काही गेम महिनोन्महिने फुटले नाहीत. पण 'राइम' नावाच्या गेमच्या निर्मात्यांनी २०१७ मध्ये जाहीर केलं, आमचं कुलूप फुटलं तर आम्ही डेनुवो काढून टाकू. पाच दिवसांत फुटलं. शब्दाला जागून त्यांनी काढलंही. चोरांच्या कामगिरीवर सज्जनांची सोय अवलंबून असल्याचं एवढं प्रांजळ उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

२०२१ मधला 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज'. झॉम्बीला गोळी घातली की झॉम्बी नीट पडायचा, पण गेम अडखळायचा. लोक म्हणाले ग्राफिक्स कार्ड जुनं असेल, ड्रायव्हर बदला, सेटिंग खाली आणा. मग क्रॅक आला. क्रॅक केलेल्या गेममध्ये झॉम्बी लोण्यासारखा पडत होता. डिजिटल फाउंड्रीसारख्या मोजूनमापून परीक्षण करणाऱ्यांनी तपासलं, खरंच निघालं. गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने डेनुवोच्या जोडीला स्वतःचंही कुलूप घातलं होतं, आणि गोळी झाडताना गेम थबकत होता तो त्या कुलपांच्या जंजाळापायी. नंतर दुरुस्ती आली.

तोवर उत्तम अनुभव हवा असेल तर चोरीचा माल घ्या, अशी स्थिती होती. जाहिरात करायला चोरांना एक रुपयाही लागला नाही.

त्याच वर्षीचा नोव्हेंबर. इंटेलचे नवे प्रोसेसर आले. त्यांच्यात दोन जातींचे कोअर, थोडे मोठे आणि थोडे छोटे. डेनुवोवाल्या काही गेम्सना वाटलं, हा तर दुसराच कॉम्प्युटर! एकाच पीसीत दोन पीसी शिरलेत, म्हणजे लबाडी. गेम बंद. यावर इंटेलने काय उपाय सांगितला असेल? बायोसमध्ये एक सेटिंग चालू करा आणि खेळताना कीबोर्डवरचं 'स्क्रोल लॉक' दाबा.

तीस वर्षं त्या बटणाचं काय करायचं कुणाला माहीत नव्हतं. शेवटी त्याचा जन्म सार्थकी लागला.

आणि त्याच आठवड्यात, पुन्हा एका रविवारी, ७ नोव्हेंबरला, बरेच गेम अचानक सुरूच होईनात. कारण? परवाना तपासण्याच्या साखळीतलं एक डोमेन. त्याची मुदत संपली होती. नूतनीकरण करायला कुणीतरी विसरलं. हजारो लोकांचे परवाने तपासणाऱ्यांचा स्वतःचाच परवाना लॅप्स.

लायसन्स नाही म्हणून आरटीओच रस्त्यात अडकला.

दुसरी बाजू ऐकायलाच हवी. आहे ती, आणि अगदीच पोकळ नाही. ऑस्ट्रेलियातल्या दोन भावांनी २०१३ मध्ये 'गेम डेव्ह टायकून' काढला. गेम बनवणारी कंपनी चालवायचा गेम. त्यांनी स्वतःच त्याची एक वेगळी कॉपी टॉरेन्टवर सोडली. पहिल्या दिवशी खेळले ३३१८ जण, त्यांपैकी विकत घेणारे २१४. हा आकडा वाचून माझ्यासारख्या फटकळ माणसाचीही जीभ अडखळते.

त्या टॉरेन्टवरच्या कॉपीत गंमत पेरली होती. काही काळ गेला की गेममधल्या तुमच्या कंपनीचे गेम लोक चोरायला लागतात आणि तुमचं दिवाळं निघतं. चोरून खेळणारी पोरं चक्क गाऱ्हाणं घेऊन आली. आमचे गेम सगळे चोरतायत हो, हे थांबवायला आम्हाला गेममध्ये डीआरएमचं कुलूप बनवता येईल का?

यापेक्षा चांगलं कुलूप मला ठाऊक नाही. कुणाला अडवलं नाही, फक्त आरसा दाखवला. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागला नाही.

आकडेवारीही आहे. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या एका संशोधकाने डेनुवोवाल्या ८६ गेम्सची विक्री अभ्यासली. कुलूप पहिल्याच आठवड्यात फुटलं तर सरासरी २० टक्क्यांच्या आसपास उत्पन्न बुडतं. १२ आठवडे टिकलं तर नंतर फुटलं तरी फरक जवळजवळ शून्य. ठीक. मान्य. लग्नघरात पहिले चार दिवस दागिन्यांच्या कपाटाला पहारा हवाच.

पण १२ आठवडे उलटल्यावर पहारेकरी काय करतो? पाहुणे गेले, मांडव उतरला, दागिने बँकेत गेले, तरी हा दारात. आणि रोज सकाळी घरमालकाचं आधार कार्ड तपासतो.

काही कंपन्या त्याला यथावकाश घरी पाठवतात. काही वर्षानुवर्षं ठेवून घेतात. आणि काहींनी पहारेकरी ठेवलाच नाही, त्यांचं काय झालं? पोलंडच्या सीडी प्रॉजेक्टचं घ्या. २०११ मध्ये 'विचर २' च्या दुकानातल्या चकतीवर सिक्युरॉम होतं आणि त्यांच्याच जीओजी या साइटवर तोच गेम विनाकुलूप. चोरांनी कुठला उचलावा? टोळ्यांनी मानाने कुलूपवाला फोडला. फोडण्यातच तर प्रतिष्ठा. कंपनीने आठ-दहा दिवसांतच पॅच काढून चकतीवरचं कुलूपही उतरवलं. पुढचा 'विचर ३' विनाकुलूप आला, आणि २०२३ पर्यंत ५ कोटींहून जास्त कॉपी विकल्या गेल्या.

उघड्या दुकानातून ५ कोटी लोकांनी पैसे देऊन माल नेला. काय म्हणावं या समाजाला?

आपल्याकडचंच बघा ना. लॅमिंग्टन रोडवरचा तो मार्करवाला कुठे गेला? पोलिसांच्या धाडीने गेला का? नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमने रुपयात किमती लावल्या, पुढच्या वर्षी जिओ आलं, आणि 'नाही चालला तर घेऊन ये' ही सेवा घरबसल्या मिळायला लागली. स्टीमचे गेब न्यूवेल २०११ पासून हेच सांगत होते, की पायरसी हा बहुतेक वेळा किमतीपेक्षा सेवेचा प्रश्न असतो. आता माझ्या भाच्याला शाळेची वेळापत्रकं पाठ नाहीत, पण स्टीमच्या सेलच्या तारखा पाठ आहेत. त्याच्या खात्यात ६० गेम आहेत. खेळलेले ९.

बघा, माणूस प्रामाणिक झाला की किती पैसे वाया घालवतो.

अर्थात स्टीम म्हणजेही एक कुलूपच. रेशमी दोरीचं. आणि ''माझ्याकडे ६० गेम आहेत'' या भाच्याच्या वाक्यातला 'माझ्याकडे' हा शब्द वकिलाला दाखवला तर तो लाल शाईने खोडेल. कॅलिफोर्नियात २०२५ पासून तसा कायदाच आहे. डिजिटल माल विकताना 'खरेदी करा' म्हणायचं असेल तर ही मालकी नसून परवाना आहे, हे स्पष्ट सांगावं लागतं. स्टीमने २०२४ च्या ऑक्टोबरातच बिलापाशी तशी पाटी लावली.

पाटी आली म्हणजे दुखणं जुनं असणार.

'ट्रॉन इव्होल्यूशन' हा डिझ्नीचा गेम. सिक्युरॉमशी असलेला करार संपला आणि २०१९ च्या अखेरीस गेम विकत घेतलेल्यांकडेच चालेना. कुलूप भाड्याचं होतं. भाडं थकलं, घर सील. २०१४ चा 'द क्रू' गाड्या पळवायचा गेम, एकट्यालाही खेळता येणारा, पण सर्व्हरला बांधलेला. मालक कोण, हे मी सांगायला नको, माझा लोभ तुम्हाला माहीत आहे. ३१ मार्च २०२४ ला युबीसॉफ्टने सर्व्हर बंद केले. आर्थिक वर्ष संपलं, रस्ते संपले. मग लोकांच्या खात्यातून गेमचा परवानाही काढून घेतला.

दुकानदार रात्री घरी येऊन मिक्सर घेऊन गेला, तर आपण त्याला काय म्हणतो? इथे त्याला 'सेवा समाप्ती' म्हणतात.

यावरून रॉस स्कॉट या गेमवेड्या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम काढली. २०२५ च्या जुलैत युरोपीय संघाकडे केलेल्या मागणीवर १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. सर्व्हर बंद करायचे तर करा, जाताना गेम चालू राहील एवढी तजवीज करून जा. मागणी केवढी? भाडेकरूने नव्हे, मालकाने मागितलेली किल्ली.

आता माझी ९९९ रुपयांची चकती.

पीसी बदलला, खिडक्या बदलल्या, विंडोज १० आलं. एका रविवारी जुनी हौस म्हणून खोका काढला. सिरियल कीमधलं शून्य अजून पाठ होतं. बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह शेजारून मागून आणला. सेटअप झाला, गेम ढिम्म. भाच्याने शोध घेतला आणि निकाल सांगितला, ''मामा, यातलं जुनं कॉपी प्रोटेक्शन मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच बंद केलंय. विंडोज १० मध्ये चालतच नाही ते. सुरक्षेला धोका होता म्हणे त्याचा.''

''म्हणजे गेमला काही झालेलं नाही?''

''गेम ठणठणीत आहे. कुलूप मेलंय.''

मग दोघांनी मिळून घर धुंडाळलं. खालच्या मजल्यावरच्या मित्राने दिलेला तो क्रॅक कुठल्या तरी सीडीवर असणार होता. सापडला नाही. मित्रही आता कॅनडात आहे, आणि रात्री दोन वाजता कुणाला फोन करून 'चोरीचं काही आहे का' विचारणं बरं दिसत नाही.

परवा आईने त्या चकतीला दोरा बांधला आणि ती बाल्कनीत टांगली. कबुतरं चमकणाऱ्या वस्तूला घाबरतात, असं तिला कुणीतरी सांगितलंय. कबुतरं रोज येतात, चकतीच्या खाली बसून घुमतात. मी मात्र वाळलेले कपडे काढायला गेलो की ती दर वेळी माझ्या कपाळावर आपटते.